रोगाची वर्दी

सन २०२२ च्या श्रावणांत आपल्या भागांतील गोठ्यांवर जें संकट कोसळलें, त्याची आठवण अद्याप ताजी आहे. ऑगस्टच्या आरंभीं जळगांव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यांत गुरांच्या अंगावर गांठी येत असल्याचें आढळलें, आणि पाहतां पाहतां लंपी चर्मरोग अकोला, बुलढाणा, अमरावती या जिल्ह्यांत शिरला. सप्टेंबरांत सर्व राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालें, गुरांचे बाजार बंद पडले, आणि शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांस टोंचण्याची मोहीम गांवोगांव सुरू झाली. त्या दिवसांत शेतकऱ्यांचे दोन वर्ग आमच्या पाहण्यांत आले. बैलाच्या कातडीवर पहिली गांठ दिसतांच एक जण ग्रामपंचायतींत अगर गुरांच्या दवाखान्यांत धांवत जाई. दुसरा, बाजार बंद होण्यापूर्वीं तो बैल कसाबसा विकून मोकळें व्हावें या विचारांत असे. या दुसऱ्यास नुसता दोष देऊन भागणार नाहीं. बैल हें आपलें भांडवल. वर्दी दिली कीं बाजार बंद, वाहतूक बंद, आणि शेजाऱ्यांचे शब्द पदरांत, असा त्याचा हिशेब होता. हिशेब चुकीचा होता, कारण विकलेल्या बैलाबरोबर रोग दुसऱ्या गांवीं जाई आणि माशा-गोचिडांच्या संगतीनें पुन्हां आपल्याच शिवारांत परत येई. पुढें राज्य सरकारनें दगावलेल्या दुभत्या जनावरामागें ३०,०००, ओढकामाच्या बैलामागें २५,००० आणि वासरामागें १६,००० रुपये देण्याचें ठरविलें, तेव्हां लपविण्याची ही वृत्ति पुष्कळशी ओसरली.

गुरांच्या बाबतींत कायदा स्पष्ट आहे. प्राण्यांतील सांसर्गिक रोगांसंबंधींच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणें, अनुसूचींतील रोगाचा संशय येतांच मालकानें ती गोष्ट गांवच्या अधिकाऱ्यास अगर ग्रामपंचायतीस कळवावयाची, तेथून ती जवळच्या पशुवैद्याकडे जावयाची, पशुवैद्यानें ती आपल्या वरिष्ठांस कळवावयाची, आणि तोंवर मालकानें रोगी जनावर निराळें बांधावयाचें. हें सर्व आपणांस आतां अंगवळणी पडत चाललें आहे. परंतु घरांतील मुलास विषमज्वर झाला, किंवा सुनेस क्षय जडला, तर ती वर्दी कोणीं, कोणास द्यावयाची? हा प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांच्या मनांत कधीं आलाच नसेल. कारण मनुष्याच्या रोगाची वर्दी देण्याचा भार मुख्यतः घरधन्यावर न टाकतां डॉक्टरावर व प्रयोगशाळेवर टाकलेला आहे. त्या वर्दीचें पुढें काय होतें, ती चुकली म्हणजे नुकसान कोणाचें होतें, आणि ती चुकूं नये म्हणून आपणांस काय करतां येईल, एवढ्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

कल्पना जुनी आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यांत, शहरांतील कोणत्याही घरांत धोक्याचा रोग आहे असें कळतांच डॉक्टरानें शक्य तितक्या लवकर आरोग्याधिकाऱ्यास कळविलें पाहिजे, असें ४२१ वें कलम आहे. विलायतेंत १८८९ सालीं असाच कायदा झाला, आणि खासगी रोग्याच्या प्रत्येक वर्दीमागें डॉक्टरास अडीच शिलिंग फी देण्याची तरतूद त्यांत केली गेली. ज्यास काम सांगावयाचें, त्याच्या वेळेचें मोल धरावें, हा त्यांतील व्यवहार ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. त्याकडे आपण पुन्हां वळूं.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं गांठीचा ताप ओळखला व तो प्लेग आहे असें स्पष्ट सांगितलें. एका डॉक्टरानें दिलेली ही वर्दी या देशाच्या आरोग्याच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. त्यानंतर ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा झाला, आणि त्याच्या आधारें पुण्यांत रोगी हुडकण्यासाठीं गोरे सोजीर घरांघरांत घातले गेले. देवघरें, स्वयंपाकघरें, माजघरें कांहीं सुटलीं नाहींत. परिणाम असा झाला कीं, लोक रोगी माळ्यावर, कोठारांत लपवूं लागले. आणि २२ जूनच्या रात्रीं प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. रोग कळविणें म्हणजे घरावर धाड बोलावणें, अशी जी धास्ती त्या वर्षीं लोकांच्या मनांत बसली, ती सव्वाशे वर्षांनंतरही समूळ गेलेली नाहीं. २०२० सालीं कोरोनाच्या रोग्याच्या दारावर कागद चिकटविले गेले, तेव्हां तीच धास्ती नव्या रूपानें उभी राहिली. अखेर तसा कागद सक्षम अधिकाऱ्याच्या विशिष्ट आदेशावांचून लावूं नये, असें त्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयास सांगावें लागलें.

वऱ्हाडांत पूर्वीं मृत्यूची वर्दी गांवच्या पाटलामार्फत जात असे. पाटील कांहीं वैद्य नव्हे. माणूस कशानें गेला, या रकान्यांत तो बहुधा ‘ताप’ हा एकच शब्द भरी. हिवताप, विषमज्वर, फुप्फुसाचा दाह, सारें कांहीं त्या दोन अक्षरांखालीं झांकलें जाई. १९१८ च्या इन्फ्लुएंझानें सर्वांत अधिक होरपळलेल्या प्रांतांत मध्यप्रांत व वऱ्हाड यांची गणना होते. त्या साथींतले बळीही पुष्कळसे ‘ताप’ या सदरांतच जमा झाले. मेलेल्यांची मोजदाद झाली, पण जिवंतांस तिचा उपयोग झाला नाहीं. मेल्यावर लिहिलेली नोंद आणि आजार अंगावर असतां दिलेली वर्दी यांत हाच भेद आहे.

आतांची व्यवस्था अशी. केंद्र सरकारनें २००४ सालीं एकात्मिक रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. त्यांत तीन वाटांनीं बातमी येते. गांवांतील आरोग्यसेविका केवळ लक्षणें पाहून सांगते : अमुक वस्तींत इतक्यांस ताप, इतक्यांस हगवण. डॉक्टर तपासून आपला संशय सांगतो : हा विषमज्वर दिसतो, ही कावीळ दिसते. प्रयोगशाळा रक्त वा थुंकी पाहून काय सिद्ध झालें तें सांगते. हे तिन्ही कागद पूर्वीं आठवड्यास एकदां जिल्ह्याच्या सर्वेक्षण कक्षांत जमत; २०२१ पासून हें काम संगणकावरील नव्या व्यवस्थेंत होऊं लागलें असून वर्दी त्याच दिवशीं पोंचण्याची सोय झाली आहे.

डॉक्टरानें कळविल्यावर प्रयोगशाळेनें पुन्हां कशास कळवावयाचें, अशी शंका साहजिक आहे. तिचें उत्तर आपल्याच व्यवहारांत सांपडेल. समजा, पूर्णेच्या खोऱ्यांतील एका गांवचे तीन रोगी एकाच आठवड्यांत अकोल्यास गेले. एकानें ओळखीच्या डॉक्टरास गांठलें, दुसऱ्यानें मेहुण्याच्या सल्ल्यानें दुसऱ्यास, तिसरा सरळ सर्वोपचार रुग्णालयांत गेला. तिघांसही कावीळ. प्रत्येक डॉक्टरास एकच रोगी दिसला. एका रोग्यावरून साथ कोण म्हणेल? प्रत्येकानें औषध दिलें, पथ्य सांगितलें आणि प्रकरण संपलें. पण तिघांचेंही रक्त तपासणीस गेलें, आणि प्रयोगशाळांचे कागद एका टेबलावर आले, कीं तेथें बसलेल्या माणसास तीन नांवांपुढें एकच गांव दिसतें. मग तो विचारतो : त्या गांवचें पाणी कोठून येतें? नळ कोठें गटारांतून गेला आहे? तुरटी व ब्लीचिंगची पूड शेवटीं कधीं टाकली? रोग्याच्या खाटेपाशीं बसून न दिसणारी गोष्ट तेथें दिसते.

आपल्या जिल्ह्यास तर हें विशेषच लागू आहे. खारपाणपट्ट्यांत विहिरींचें पाणी तोंडांत धरवत नाहीं, म्हणून पुष्कळ खेडीं दुरून आणलेल्या एकाच नळावर अवलंबून असतात. नळ एक, गांवें अनेक. वरच्या अंगास फुटलेल्या नळाचा पहिला रोगी ज्या गांवांत आढळेल, त्याची वर्दी खालच्या सर्व गांवांच्या कामाची आहे. ती चार दिवस उशिरां पोंचली, तर ते चार दिवस खालच्या गांवांतील मुलें तेंच पाणी पीत राहतात.

कोरोनाच्या वेळीं प्रयोगशाळेच्या वर्दीचें बळ आपण पाहिलेंच आहे. २०२० च्या आरंभीं अकोल्याचे नमुने नागपुरास पाठवावे लागत; त्याच वर्षीं येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत तपासणी सुरू झाली. प्रत्येक प्रयोगशाळेस, मग ती सरकारी असो वा खासगी, दररोजचा आकडा कळविणें भाग होतें. म्हणूनच २०२१ च्या फेब्रुवारींत दुसरी लाट इतरत्र जाणवण्यापूर्वीं ती अमरावती-अकोल्याकडे उठल्याचें ध्यानांत आलें, व २२ फेब्रुवारीपासून या भागांत निर्बंध पडले. त्या निर्बंधांनीं शेतमालाच्या विक्रीस त्रास झाला, हें आम्ही नाकारीत नाहीं.

आतां खास शेतकऱ्याच्या रोगाविषयीं. पाऊस सरत आला, सोयाबीनची सोंगणी तोंडावर आली, कीं आपल्याकडे तापाचे रोगी वाढतात. त्यांत डेंग्यू असतो, हिवताप असतो, आणि त्यांतच स्क्रब टायफस नांवाचा एक ताप दडलेला असतो. धुऱ्यावरील गवतांत व झुडपांत राहणाऱ्या, सहज डोळ्यांस न दिसणाऱ्या एका किड्याचीं पिलें चावल्यानें तो होतो. चाव्याच्या जागीं विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. पण ती बहुधा कांखेंत, जांघेंत किंवा कमरेच्या करगोट्याखालीं असल्यामुळें रोग्याच्याही ध्यानांत येत नाहीं. नेहमींच्या महागड्या इंजेक्शनांपैकीं पुष्कळशीं या रोगावर निरुपयोगी ठरतात. उलट डॉक्सिसायक्लीन ही स्वस्त गोळी वेळीं मिळाली, तर दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. वेळ गेली तर फुप्फुस, मूत्रपिंड व मेंदू यांवर घाला पडून माणूस दगावतो. २०१८ च्या पावसाळ्यांत विदर्भांत हा रोग उफाळला. नागपूरच्या शासकीय रुग्णालयांत रोग्यांची रीघ लागली, आणि मृत्यूही घडले. याच कुळांतला, गोचिडींपासून होणारा ठिपक्यांचा ताप मुलांत आढळतो, हें अकोल्यांतील बालरोगतज्ज्ञांनीं त्यापूर्वींच दाखवून दिलें होतें. प्रयोगशाळेची सोय नसलेल्या ठिकाणीं नुसत्या लक्षणांना गुण देऊन तो लवकर कसा ओळखावा, याची त्यांनीं बसविलेली रीत २०११ सालीं ‘इंडियन पीडिॲट्रिक्स’ या मासिकांत प्रसिद्ध झाली.

येथें वर्दीचा खरा फायदा उघड होतो. तेल्हाऱ्याच्या किंवा बाळापुराच्या डॉक्टरापुढें तापानें फणफणलेला मजूर येऊन बसतो. शेजारच्या तालुक्यांत याच आठवड्यांत स्क्रब टायफस सिद्ध झाला आहे, हें त्या डॉक्टरास ठाऊक असेल, तर तो रोग्याचा सदरा काढून खपली शोधील आणि पहिल्याच दिवशीं ती स्वस्त गोळी देईल. ठाऊक नसेल, तर पांच दिवस दुसऱ्याच रोगाचें औषध चालेल. म्हणजे वर्दी जशी खालून वर गेली पाहिजे, तशी ती वरून खालींही आली पाहिजे. आमच्या मतें आपल्या व्यवस्थेचें न्यून येथेंच आहे : कागद वर चढतात झपाट्यानें, उतरतात मात्र रेंगाळत. आपण दिलेल्या बातमीचें पुढें कांहीं होत नाहीं असें ज्या डॉक्टरास वाटतें, तो दुसऱ्या खेपेस कागद भरण्यास आळस करतो, यांत नवल नाहीं.

क्षयाची गोष्ट निराळी, आणि अधिक जिव्हाळ्याची. आमच्या आप्तांत एक गृहस्थ होते. चार महिने शहरांतील एका खासगी डॉक्टराचें औषध चाललें होतें. नांव बाहेर फुटूं नये अशी घरच्यांची विनंति. डॉक्टरानेंही ती मानली आणि वर्दी दिली नाहीं. कापसाच्या वेचणीचे दिवस आले, अंगांत तरतरी वाटूं लागली, खर्चही टोंचूं लागला; त्यांनीं औषध सोडलें. विचारावयास कोणी आलें नाहीं, कारण कोणास ठाऊकच नव्हतें. पुढल्या वर्षीं रोग उलटला, तो नेहमींच्या औषधांस न जुमानणारा होऊन. आणि त्याच घरांतील थोरल्या सुनेसही खोकला लागला. लग्नाच्या मुलीचें नांव जपण्यासाठीं जें झांकलें, तें अखेर सर्व गांवास कळलें.

केंद्र सरकारनें ७ मे २०१२ रोजीं आदेश काढून क्षयाच्या प्रत्येक रोग्याची वर्दी देणें खासगी डॉक्टरांसही बंधनकारक केलें. मार्च २०१८ च्या राजपत्रानें त्यांत प्रयोगशाळा व औषधांचे दुकानदार यांचा समावेश झाला. वर्दी न देणाऱ्यास दंडविधानाच्या कलमांखालीं शिक्षा होऊं शकते. त्या वेळीं तीं २६९ व २७० होतीं, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेंत त्यांच्या जागीं २७१ व २७२ आहेत. पण कायद्याच्या धाकापेक्षां त्याबरोबर जोडलेल्या सवलतींनीं अधिक काम केलें असें आम्हांस वाटतें. खासगी डॉक्टरास वर्दीबद्दल ५०० रुपये व उपचाराचा निकाल कळविल्याबद्दल आणखी ५०० रुपये मिळण्याची तरतूद आहे; ती विलायतेच्या अडीच शिलिंगांचीच बहीण. रोग्यास सकस आहारासाठीं एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळूं लागले, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. औषध फुकट मिळतें, तें मध्येंच सुटल्यास चौकशीस माणूस येतो, आणि घरांतील इतरांची तपासणी होते. आमच्या त्या आप्तांस हें सारें मिळालें असतें. नांव जातें तें क्षयकार्यालयाच्या नोंदींत. चावडीवर तें वाचून दाखविलें जात नाहीं.

बक्षिसानें वर्दी मिळते, याचा याहून मोठा दाखला देवीच्या रोगाचा. त्या मोहिमेच्या अखेरीस, देवीचा रोगी दाखवील त्यास १,००० रुपये देण्याचें सरकारनें जाहीर केलें होतें. १९७५ च्या मे महिन्यानंतर या देशांत देवीचा रोगी सांपडला नाहीं. गुरांतील बुळकांडीही अशीच, गांवोगांव फिरून व विचारपूस करून हुडकली गेली. १९९५ नंतर ती हिंदुस्थानांत दिसली नाहीं, आणि २०११ सालीं ती जगांतूनच गेल्याचें जाहीर झालें. ज्या पिढीनें बुळकांडीनें गोठेच्या गोठे ओस पडलेले पाहिले, तिला या गोष्टीचें मोल सांगावयास नको.

एक विसंगति मात्र सांगितल्यावांचून राहवत नाहीं. गुरांच्या रोगांसाठीं मालकापासून वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाचें कर्तव्य एकाच कायद्यांत लिहिलेलें आहे व रोगांची यादीही त्यालाच जोडलेली आहे. माणसांच्या रोगांसाठीं तसा सर्व देशास लागू असा एकच कायदा नाहीं. कोठें नगरपालिकांचें कलम, कोठें १८९७ चा कायदा, कोठें एका रोगापुरता आदेश, अशी ती गोधडी आहे. कोणता रोग कळवावयाचा व कोणास, हें खासगी डॉक्टरासही पुष्कळदां विचारून घ्यावें लागतें. शेतकऱ्यास जवळच्या दुसऱ्या दोन बाबींतही हें काम चालू आहे. सर्पदंशाचा प्रत्येक प्रसंग व मृत्यु कळविणें बंधनकारक करावें, असें केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०२४ मध्यें राज्यांस लिहिलें. कीटकनाशकांच्या विषबाधेची वर्दी मागण्याचा अधिकार तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या २६ व्या कलमानें राज्यांस पूर्वींच दिलेला आहे. तरी २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करणारे मजूर व शेतकरी एकामागून एक रुग्णालयांत येऊं लागले, तेव्हां त्या प्रकाराचा बोभाटा होण्यास जो उशीर लागला तो लागलाच.

मग आपणांस करतां येण्यासारखें काय? डॉक्टराचें काम आपण करूं शकत नाहीं, पण त्यास विचारूं शकतों. क्षय, कावीळ, विषमज्वर, डेंग्यू यांपैकीं कांहीं निघालें, तर ‘याची वर्दी गेली काय?’ एवढें विचारण्यांत कोणताही उद्धटपणा नाहीं. आणि नांव लपविण्याची गळ तर कोणीच घालूं नये. गोठ्यांत कालवड गाभडली असेल, किंवा एखादें जनावर अकस्मात दगावून त्याच्या नाकातोंडांतून काळें रक्त आलें असेल, तर तीं हकीकत माणसाच्या डॉक्टरासही सांगावी. कारण सांसर्गिक गर्भपात आणि काळपुळी हे रोग गुरांकडून माणसाकडे येतात, आणि दोन्ही दवाखान्यांची गांठ आपल्यावांचून पडत नाहीं.

शेवटची गोष्ट अगदीं क्षुल्लक दिसेल. तपासणीसाठीं आपण अकोल्यास जातों, तेव्हां उतरतों मुलाकडे, भाच्याकडे किंवा जांवयाकडे, आणि प्रयोगशाळेच्या खिडकीवर पत्ता विचारला कीं तोंडांतून त्यांचाच पत्ता निघतो : जठारपेठ, डाबकी रोड, गोरक्षण रोड. अहवाल लवकर हातीं पडावा, एवढाच हेतु. पण वर्दी त्या पत्त्याबरोबर जाते. आरोग्याचा माणूस जठारपेठेंतील हौद पाहून परततो, आणि ज्या विहिरीचें पाणी पिऊन आजार झाला ती दहा कोसांवर तशीच राहते. यास्तव खिडकीवर आपल्या गांवाचें, तालुक्याचें आणि जमल्यास वस्तीचें नांव सांगावें, अहवाल पाठविण्याचा पत्ता त्याखालीं निराळा लिहवून घ्यावा, आणि लिहिणाऱ्यानें तें बरोबर लिहिलें कीं नाहीं, हें पावती हातीं घेतांना एकदां वाचून पाहावें.